दिगूच्या कानातली काळी पाच

"आक्का, बाहेर कुणी पेटी वाजवतंय का गं?"

दिगूनं हातातली कानस खाली ठेवली आणि डाव्या कानावर तळहात दाबून धरला. मी भात्याच्या घड्यांना सरस लावत बसले होते. बाहेर कोण असणार? जेवणं होऊन तास झाला होता, समोरचा किराणावाला पोत्यांवर आडवा होऊन घोरत होता.

"कुणी नाही," मी म्हणाले. "काम कर."

"मग हे काय वाजतंय?"

"कुठं?"

"इथं. आत." त्यानं कान सोडला, परत दाबला. "दाबला तरी वाजतंय. काल जेवतानाही वाजत होतं."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पलीकडे पट्ट्यांना पॉलिश करत होते. त्यांचा हात थांबला.

"थांबून थांबून वाजतंय का अखंड?"

"अखंड."

अण्णा उठले. माझ्यापुढचा ओला भाता ओलांडून दिगूसमोर जाऊन उकिडवे बसले. एरवी कुणी भाता ओलांडला तर शिव्या घालणारा माणूस.

"कुठला सूर हाय?"

अण्णांनी जवळची पेटी ओढली आणि एका हातानं भाता हलवत एकेक पट्टी दाबायला लागले. ह्यो? ह्यो का? पाचवी काळी पट्टी, म्हणजे काळी पाच, दाबली तेव्हा दिगूनं अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई गेली तेव्हासुद्धा हा माणूस आमच्यासमोर रडला नव्हता.

"सूर बसला पोराच्या कानात," ते म्हणाले. "शालन, शिरा कर. बदाम घाल."

आता घरातलं थोडं सांगते, नाहीतर भाऊ कान वाजतोय म्हणतो आणि बाप गोडधोड करायला सांगतो, याचा अर्थ कुणाला लागायचा नाही. आमचं घर पेट्यांचं. कृष्णाकाठच्या पन्नासएक गावांतल्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या, कीर्तनकारांच्या पेट्या आमच्याकडे दुरुस्तीला यायच्या. लाकूडकाम, भाता, पट्ट्या, हे कुणीही करावं. सूर लावायचं काम मात्र घरातल्या एकाच माणसाचं. पेटीच्या पोटात प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन बारीक जिभा असतात. दोघींनी अगदी एका सुरात बोलायला हवं. केसाएवढा फरक असला तरी आवाजात लाट उठते, वाँव वाँव अशी. मग कानशीनं जीभ घासायची. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासता घासता लाट मंद होत जाते आणि मग मरते. ती खरोखर मेली का, हे सांगणारा कान घरात एकाचाच धरायचा आणि कानस त्याच्याच हातात द्यायची, अशी आमची रीत. आजोबांची कानस अण्णांकडे आली होती. आता अण्णांचा हात थरथरायला लागला होता आणि वरचे सूर त्यांना चकवायला लागले होते. तेव्हा येत्या खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की, कानस दिगूला मिळायची होती.

आणि आजोबांच्या कानात म्हणे काळी पाच अखंड वाजायची. उठता बसता, जेवता, अंघोळ करता. सूर जुळवायला त्यांना दुसरी पेटी जवळ लागायचीच नाही, असं अण्णा सांगायचे. शंभर वेळा सांगायचे. शेवटच्या पाच वर्षांत आजोबांना ढोलसुद्धा ऐकू येत नव्हता, हे मात्र ते सांगत नसत. ते मला शेजारच्या म्हातारीकडून कळलं, आणि तेही फार उशिरा.

तर मी शिरा करायला बसले. रवा भाजत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

का, ते सांगते. मी सरळ बोलणारी बाई आहे, वय झाल्यावर तर उगाच आडपडदा ठेवायचा कंटाळाच येतो. त्याच वर्षी चैत्रात दिगूला ताप यायला लागला. खोकला, वजन उतरलेलं. शेवटी छातीचा फोटो काढला तर क्षय निघाला. तोवर दोन महिने पोरगा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होता. बाहेर सप्ताहांच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. एके दिवशी सकाळी अण्णांनी पुढचं दार लावून घेतलं आणि कानस माझ्या हातात दिली.

"बाहेर बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लहानपणापासून त्या खोलीत बसून भात्याला कापड चिकटवलं होतं, आणि चिकटवताना हात गुंतले तरी कान मोकळेच असतात की. मी सात पेट्या लावल्या. अण्णा शेजारी बसून ऐकायचे. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. पण सातव्या पेटीच्या वेळी मध्येच उठून चहा प्यायला गेले आणि तपासायला परत आलेच नाहीत. तेवढ्यानं मी हवेत होते. गिऱ्हाइकांनी पेट्या नेल्या, अण्णांच्या हाताची तारीफ केली, अण्णांनी ऐकून घेतली. मला त्याचंसुद्धा काही वाटलं नाही. कानस माझ्या हातात होती ना, मग झालं.

आषाढात दिगूच्या सुया सुरू झाल्या. औषध लागू पडलं, तो उठून बसायला लागला. एका दुपारी मी एक जीभ घासत होते, लाट अगदी मरायला आलेली. अण्णांनी येऊन माझ्या हातातून कानस काढून घेतली.

"दे हिकडं. आता दिगू बसंल. तू भात्याला बस."

ती जीभ पुरी करू दिली नाही त्यांनी. ती दिगूनं पुरी केली.

कुणी म्हणेल, भाऊ जगला याचं काहीच नव्हतं का बाईला? होतं. त्याला भरवत मीच होते, त्याच्या थुंकीचं भांडं राखेनं मीच घासत होते, दत्ताला नवस मीच बोलले होते. आणि तो कानस घेऊन बसला की माझ्या पोटात दुखत होतं, हेही तितकंच खरं. दिगूचा कान चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता की नाही, हे मला कधी ठरवता आलं नाही, आणि सगळी जळजळ तीच होती. आता तर त्याच्या कानात आजोबांचा सूर येऊन बसला होता. म्हणजे देवानंच निकाल लावून टाकला. मी रव्यात दूध ओतलं, मागच्या पडवीत गेले आणि दोन्ही कानांत बोटं घालून उभी राहिले. बराच वेळ. काही वाजलं नाही.

परत येऊन शिरा हलवताना मला खरात सिस्टर आठवल्या.

दवाखान्यात पहिल्या सुईच्या दिवशी दिगू हिरव्या पडद्याआड होता आणि सिस्टर बाहेर टेबलाशी येऊन माझ्याशी बोलल्या होत्या. "नव्वद सुया आहेत, रोज एक, रविवार सोडून. हे औषध चांगलं आहे पण कानावर जाऊ शकतं. कानात काही आवाज यायला लागला, चालताना तोल जायला लागला, तर त्याच दिवशी सांगायचं. सुई थांबवता येते, दुसरं औषध आहे. पण उशीर झाला तर कान परत येत नाही. तुझा भाऊ सगळ्याला बरंय बरंय म्हणतो, म्हणून तुला सांगून ठेवते. लक्ष तुझं हवं."

त्या दुपारी सुया एक्केचाळीस झाल्या होत्या.

मी शिरा ताटात काढला. दिगूनं दोनदा मागून खाल्ला. अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. मी सांगायला तोंड उघडलं होतं, खोटं नाही बोलत. मग अण्णा म्हणाले, "शालन, तुला न्हाई कळायचं ते. ज्याच्या कानात सूर वाजतो त्यालाच कळतं." मी तोंड मिटलं आणि ताटं उचलली.

दर सोमवारी सिस्टर कार्ड भरायच्या. दिगूला सुई टोचली की तो पडद्याआड बाकावर पाच मिनिटं बसायचा आणि त्या बाहेर येऊन मला विचारायच्या. भूक लागते का, वजन किती, खोकला.

"कानाचा काही त्रास?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी येताना मी मनाशी सबबी जुळवत होते. अण्णा म्हणतात सूर आहे, तर असेल सूर. ते घरातले मोठे, त्यांना कळत नाही आणि मला कळतं का? शिवाय सुया बंद झाल्या आणि क्षय उलटला तर? सबबींना काय तोटा. पण सुई कानावर जाते हे मला ठाऊक होतं, आणि सुई थांबली तर सूरही थांबेल, हेही माझ्या ध्यानात आलं होतं. मग सांगत का नव्हते? मी सांगितलं असतं तर अण्णांना वाटलं असतं, पोरगी जळते म्हणून भावाच्या कानातला सूर काढून घ्यायला निघाली. आणि नाही सांगितलं तर कान आपोआप जाणार होता. यातलं कुठलं मला हवं होतं, ते मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

दुसरा सोमवार गेला. गणपतीच्या पेट्यांची घाई होती. दिगू हळू काम करायला लागला होता. एकच सूर चारचारदा वाजवायचा. मी हाक मारली की "काय?" म्हणायचा, आणि परत "काय?" अण्णा म्हणायचे, त्याच्या कानात सूर हाय, त्याला मधेमधे बोलू नगा. अंगणातून येताना तो खांबाला धरायचा. मी ते पाहत होते. मी सगळं पाहत होते.

तिसऱ्या सोमवारी मात्र मी सांगणार होते. दवाखान्याला निघायच्या वेळी नांदगावचे बुवा पेटी न्यायला आले. अण्णांनी त्यांना बसवून आजोबांची सगळी कथा ऐकवली आणि मग दिगूला पुढं केलं. बुवांनी चक्क दिगूच्या पायाला हात लावला. मी चहा घेऊन उभी होते.

"आणि ही पोरगी?" बुवांनी विचारलं. "हिला काही येतं का?"

"भात्यापुरती हाय," अण्णा म्हणाले. "कापड झ्याक चिकटवती."

अर्ध्या तासानं सिस्टरनी विचारलं, कानाचा काही त्रास? मी म्हणाले, नाही. या वेळी सबब शोधायचीसुद्धा तसदी घेतली नाही मी.

चौथ्या सोमवारीही नाहीच.

गणपती विसर्जन झालं आणि नांदगावची पेटी परत आली. बुवा चिडलेले नव्हते, ओशाळलेले होते. "वरच्या सप्तकात जरा वंगाळ वाजतंय," म्हणाले. "आमचीच ऐकण्यात चूक असंल." अण्णांनी पेटी मांडीवर घेतली, वरच्या पट्ट्या दाबल्या. अण्णांना वरचं नीट ऐकू येत नव्हतं, पण ती लाट इतकी मोठी होती की त्यांनाही कळली. माझ्या तर दाताला लागत होती.

बुवा गेल्यावर त्यांनी दिगूला हाक मारली.

"बघ जरा, हितं लाट हाय का?"

त्यांनी अगदी शेवटची पट्टी दाबली. दिगू त्यांच्या बोटाकडे बघत राहिला.

"वाजवा की," तो म्हणाला.

अण्णांचं बोट पट्टीवरच होतं. भाता हलत होता. पेटी केकाटत होती.

"वाजवा की अण्णा."

अण्णांनी भाता सोडला. माझ्याकडे बघितलं, का कुणास ठाऊक. मी उठून चपला घातल्या आणि म्हणाले, "चला दवाखान्यात."

डॉक्टर मोठे नव्हते, दिगूएवढेच असतील. त्यांनी दिगूच्या कानाशी दोन दातांचा एक काटा वाजवला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. दिगू डोळे मिटताच झुकला, मी दंड धरला म्हणून सावरला.

"कधीपासून आवाज येतोय?"

"म्हैना झाला," अण्णा म्हणाले. अजूनही त्यांच्या आवाजात थोडा रुबाब होता.

डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट केलं. "इथं तर दर आठवड्याला 'नाही' लिहिलंय. सिस्टर?"

खरात सिस्टर दाराशी उभ्या होत्या. "मी प्रत्येक सोमवारी विचारत होते, डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. आता त्या सांगणार, अण्णा ऐकणार, दिगू ऐकणार.

"मला विचारत होत्या," दिगू म्हणाला. "मीच नाही म्हणायचो."

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण त्या काही बोलल्या नाहीत. अण्णा तिथं उभे होते, म्हणून असेल.

"का नाही म्हणालास?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाटलं, चांगलं आहे ते."

"चांगलं? कसला आवाज येतो?"

दिगू म्हणाला, "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. नुसतं सूं."

"काळी पाच म्हणाला हुतास," अण्णा म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, अण्णा. मी मान हलवली."

अण्णा खाली बाकावर बसले. डॉक्टरांनी सुई बंद केली, दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. अजून कान कमी होऊ शकतो म्हणाले, गेलेला बहुधा येत नाही म्हणाले. क्षय मात्र बरा होईल. तो झाला. दिगू धडधाकट झाला, पुढं त्याचं लग्न झालं, मुलं झाली. वरचं सप्तक तेवढं गेलं, आणि नंतर हळूहळू मधलंही.

दवाखान्यातून येताना अण्णा पुढं चालत होते आणि मी दिगूचा दंड धरून मागं. मला वाटलं होतं, यानं मला वाचवलं. पडद्याआडून त्याला सगळं ऐकू आलं असणार आणि तरी यानं माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेतला. पाय धरावेत इतकं मला वाटलं. धरले नाहीत. "दगड आहे पुढं, बघून चाल," एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला अण्णांनी पाटावर हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. कानस पाटावरच राहिली. कुणालाच दिली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी भात्याला सरस लावायला बसले, तर कानस माझ्या जागेवर होती. अण्णा पलीकडे पाठ करून बसले होते.

"दार लाव," ते म्हणाले.

मला आनंद झाला. आधी लाज वाटली आणि मग आनंद झाला, पण झाला. पुढची अकरा वर्षं, अण्णा जाईपर्यंत, मी दार लावून सूर लावले. पाटीवर दिगूचं नाव होतं. दिगू माझ्या जुन्या जागी बसून भात्याला कापड चिकटवायचा, आणि झ्याक चिकटवायचा. अण्णा गेल्यावर मी दार उघडलं. आठ दिवस लोकांनी कुजबुज केली, मग पेट्या आणायला लागले.

दिगूशी मी त्यावर एक अक्षर बोलले नाही. रोज समोरासमोर बसून चहा प्यायलो, त्याच्या पोरांची बारशी केली, त्याच्या बायकोशी, कांताशी भांडले, मिटवलं. ते एक तेवढं बोलले नाही.

गेल्या वर्षी मला लघवीचा मोठा संसर्ग झाला आणि चार दिवस दवाखान्यात ठेवलं. सलाईनमधून औषध सुरू करताना तिथली नर्स म्हणाली, "आजी, कानात आवाज आले किंवा गरगरलं तर लगेच सांगायचं हं." दिगू खाटेशेजारी स्टुलावर मोसंबं सोलत बसला होता. दोन्ही कानांत यंत्रं. साठीला टेकलेला, टक्कल पडलेलं.

नर्स गेल्यावर मी म्हणाले, "दिगू, तेव्हा सिस्टर मला विचारायच्या."

"काय?"

"सिस्टर. मला विचारायच्या."

"काय म्हणतेस? जरा मोठ्यानं बोल."

सदतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मला शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावी लागली. सिस्टर मला विचारायच्या, कानाला त्रास आहे का म्हणून, आणि मी नाही म्हणायचे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझा कान मी घालवला.

त्यानं मोसंब्याची एक फोड सोलली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ऐकू यायचं की मला पडद्याआड," तो म्हणाला. "तेव्हा यायचं. पहिल्या दिवशी त्या काय म्हणाल्या तेही ऐकलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? मी दोन महिने आत पडून तुझ्या पेट्या ऐकल्या होत्या. सातही. एकदासुद्धा लाट राहिली नाही. माझी राहायची, आक्का. मी चारदा वाजवून बघायचो तेव्हा कळायची. अण्णा मला कानस देणार ते नुसतं पोरगा म्हणून, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. मग कान वाजायला लागला आणि त्यांनी शिरा करायला सांगितला." तो बिया काढत होता. "सोमवारी मी पडद्याला कान लावून बसायचो, तू आज काय सांगतेस म्हणून. तू नाही म्हणालीस की माझा जीव भांड्यात पडायचा. हो म्हणाली असतीस तर हा सूर नव्हे, कान जातोय, हे उघड झालं असतं आणि अण्णांनी कानस तुला दिली असती."

मी फोड हातात धरून बसले. खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा राग आला. इतकी वर्षं मी त्याला माझ्यापेक्षा मोठा धरून चालले होते, त्याच्या मोठेपणावर मनातल्या मनात जळले होते, आणि हा आपला माझ्यासारखाच. मग दुसरं वाटलं, ते राग नव्हता. सात पेट्या, एकदासुद्धा लाट नाही, हे शब्द मला कुणाच्या तरी तोंडून हवे होते सव्वीस वर्षांची असल्यापासून. ते त्याच्याकडे होते.

"अजून वाजतं?" मी विचारलं.

"काय?"

"कान. अजून वाजतो का?"

"वाजतो की. यंत्र लावलं की कमी. झोपताना यंत्र काढलं की फार." त्यानं सालं कागदात गुंडाळली. "म्हणून तर पंखा लावतो. त्याच्या घरघरीत जरा बुडतं."

"थंडीत पण?"

"थंडीत पण. कांता बिचारी दोन गोधड्या घेऊन झोपते."

आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत. सदतीस हिवाळे तो पंखा मी ऐकत होते, आणि दर हिवाळ्यात सकाळी चहाच्या वेळी त्याला बोलत होते, की एवढी कसली आग लागते तुझ्या अंगाला. तो हसायचा आणि चहा प्यायचा. का लावतोस, असं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.